खालिद जमील : बंद पडलेल्या क्लबांचा वारसदार

क्रीडा प्रतिनिधी, पुणे

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची नियुक्ती केली. गोव्याचे सावियो मेदेरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी या पदाची पूर्ण जबाबदारी एका भारतीयाकडे आली. महाराष्ट्राच्या फुटबॉलप्रेमींना या निवडीचा विशेष आनंद व्हावा, हे स्वाभाविक होते. जमील यांची खेळाडू म्हणून सारी व्यावसायिक कारकीर्द मुंबईत गेली. प्रशिक्षक म्हणून पहिली सात वर्षेही त्यांनी याच शहरात काढली.

या आनंदाला खंतेची किनार मात्र आहे. जमील ज्या क्लबांसाठी मधल्या फळीत खेळले, त्या महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाचे नाव आज देशाच्या कोणत्याही प्रमुख साखळी स्पर्धेत नाही. ज्या मुंबई एफसीला त्यांनी सात हंगाम सांभाळले, तो क्लबही ते गेल्यानंतर वर्षभरातच संपला. महाराष्ट्राने घडवलेला हा प्रशिक्षक पुढे मिझोराम, बंगाल, आसाम आणि झारखंडमार्गे राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचला. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचा आलेख मांडताना महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉलच्या उदयास्ताचा आलेखही आपोआप मांडला जातो.

कुवेत ते कूपरेज

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये भारतीय कुटुंबात झाला. त्यांचे बालपण तिथेच गेले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि त्यापाठोपाठ आखाती युद्धाचा भडका उडाला. तेथील असंख्य भारतीयांप्रमाणे जमील कुटुंबही मायदेशी परतले आणि मुंबईत स्थिरावले.

त्या काळातील मुंबईचे फुटबॉल आजच्या पिढीला काहीसे अपरिचित वाटेल. शहराच्या हारवूड लीगला विसाव्या शतकाच्या प्रारंभापासूनची परंपरा होती. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा देशातील जुन्या आणि प्रतिष्ठेच्या स्पर्धांपैकी एक मानली जाई आणि तिचे सामने कूपरेजवर रंगत. परंतु मुंबईच्या मैदानावरील बलाढ्य संघ कोलकात्याप्रमाणे सभासदांच्या वर्गणीवर उभे राहिलेले नव्हते. ते कंपन्या, बँका, रेल्वे आणि सरकारी उपक्रम यांचे होते. खेळाडूला क्लबात जागा मिळे, तशीच अनेकदा कार्यालयात नोकरीही मिळे. सामन्याच्या दिवशी मैदान, एरवी हजेरीपट, आणि निवृत्तीनंतर पोटापाण्याची चिंता नाही, अशी ही व्यवस्था होती. क्रिकेटच्या शहरात फुटबॉल टिकले, त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा होता.

या व्यवस्थेला पहिला धक्का १९९६ मध्ये बसला. त्या वर्षी महासंघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू केली. आठवडा-दोन आठवड्यांत आटोपणाऱ्या चषक स्पर्धांच्या जागी आता अनेक महिने चालणारा हंगाम आला. संघांना देशभर प्रवास करावा लागू लागला, परदेशी खेळाडू आले, पूर्ण वेळचे प्रशिक्षक आले. कार्यालयीन संघांपुढे व्यावसायिक होण्यावाचून पर्याय उरला नाही. याच संक्रमणाच्या काळात, १९९७ मध्ये, वीस वर्षांचे खालिद जमील महिंद्रच्या संघात दाखल झाले.

मधल्या फळीचे काम

जमील मध्यरक्षक होते. फुटबॉलमध्ये या जागेचे वैशिष्ट्य असे, की तेथील कामगिरी धावफलकावर क्वचितच उमटते. गोल करणाऱ्या आघाडीपटूचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. पेनल्टी अडवणारा गोलरक्षकही लक्षात राहतो. मध्यरक्षकाला मात्र दोन्ही बाजूंची कामे करावी लागतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असेल, तेव्हा मागे येऊन बचावफळीला आधार द्यायचा, आणि चेंडू मिळताच तो योग्य सहकाऱ्याकडे, योग्य क्षणी पुढे सरकवायचा. संघाचा वेग कधी वाढवायचा आणि कधी रोखायचा, हा निर्णयही बहुधा त्याच्याच पायात असतो.

मधल्या फळीतून खेळणाऱ्याला संपूर्ण मैदान सतत डोळ्यांसमोर ठेवावे लागते. जगातील अनेक यशस्वी प्रशिक्षक याच जागेवर खेळलेले असावेत, यात म्हणूनच आश्चर्य नाही. बार्सिलोना आणि मँचेस्टर सिटीला शिखरावर नेणारे पेप गार्डिओला, चॅम्पियन्स लीग सर्वाधिक वेळा जिंकणारे प्रशिक्षक कार्लो अँचेलोटी, आणि फ्रान्सला खेळाडू म्हणून १९९८ मध्ये व प्रशिक्षक म्हणून २०१८ मध्ये विश्वविजेतेपद मिळवून देणारे दिदिए देशाँ, हे तिघेही मुळात मध्यरक्षकच. जमील यांच्या पुढील वाटचालीचे बीजही त्यांच्या मैदानावरील जागेत शोधता येते.

महिंद्रकडे एक हंगाम घालवून १९९८ मध्ये ते एअर इंडियाकडे गेले. त्याच वर्षी उझबेकिस्तानविरुद्धच्या लढतीत त्यांनी भारताच्या वरिष्ठ संघात पदार्पण केले. एअर इंडियाकडे चार हंगाम खेळून २००२ मध्ये ते पुन्हा महिंद्रकडे परतले. या संघाचे नाव तोवर महिंद्र युनायटेड झाले होते. त्या काळी नाव कमावू पाहणाऱ्या भारतीय फुटबॉलपटूची वाट बहुधा कोलकात्याकडे जाई. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालची जर्सी अंगावर चढल्याशिवाय कारकीर्द पूर्ण झाली, असे मानले जात नसे. जमील खेळाडू म्हणून त्या वाटेला गेले नाहीत. मुंबईत राहूनच देशातील सर्वोच्च यश मिळवता येते, हे त्यांच्या संघाने लवकरच दाखवून दिले.

विजेतेपदाचा हंगाम

महिंद्रचा संघ १९६२ पासूनचा. ड्युरँड चषक या संघाने १९९८, २००१ आणि २००८ असा तीन वेळा जिंकला, तर फेडरेशन चषक २००३ आणि २००५ मध्ये. तथापि, क्लबच्या इतिहासातील मानाचे पान २००५-०६ च्या हंगामाचे. गोव्याचे डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्र युनायटेडने त्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद पटकावले. त्याआधी ही लीग पंजाब, बंगाल किंवा गोव्याच्या संघांकडेच गेली होती. मुंबईच्या, किंबहुना महाराष्ट्राच्या संघाने ती जिंकण्याची ही पहिली वेळ होती. पुढच्याच वर्षी या लीगचे रूपांतर आय-लीगमध्ये झाल्याने ही शेवटचीही वेळ ठरली. जमील या विजेत्या संघाचे सदस्य होते.

दुखापतींनी मात्र त्यांची पाठ सोडली नाही. मध्यरक्षकाला सामन्यात सर्वाधिक धावावे लागते. गुडघा किंवा घोटा एकदा कुरकुरू लागला, की या जागेवर तडजोडीला वाव राहत नाही. २००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा व्यावसायिक क्लब स्थापन झाला आणि जमील त्यात सामील झाले. इंग्लंडचे डेव्हिड बूथ यांच्या मार्गदर्शनाखाली या क्लबने २००८ मध्ये आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून वरच्या श्रेणीत प्रवेश केला. जमील यांचे शरीर तोपर्यंत साथ देईनासे झाले होते. २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांनी खेळाडू म्हणून निवृत्ती पत्करली. अनेक मध्यरक्षक या वयात अनुभवाच्या जोरावर आणखी तीन-चार हंगाम काढतात. जमील यांच्या वाट्याला ते आले नाहीत.

सात हंगामांची तारेवरची कसरत

निवृत्ती आणि नवी जबाबदारी यांत अंतर पडलेच नाही. मुंबई एफसीने २००९ मध्ये बूथ यांच्या जागी जमील यांची मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक केली. कालपर्यंत ज्यांच्यासोबत सराव केला, त्यांनाच आता संघात घ्यायचे की वगळायचे, हे ठरवण्याची वेळ त्यांच्यावर आली.

मुंबई एफसी हा श्रीमंत क्लब नव्हता. गोवा आणि कोलकात्याच्या क्लबांच्या तुलनेत त्याचे अंदाजपत्रक लहान असे. नावाजलेले परदेशी आघाडीपटू त्याला परवडत नसत. अशा संघाचे उद्दिष्ट विजेतेपद हे नसते. खालच्या श्रेणीत न घसरणे हेच असते. त्यासाठी जमील यांनी जी पद्धत अवलंबली, ती पुढे त्यांची ओळख बनली. बचावफळी आणि मधली फळी यांत अंतर पडू द्यायचे नाही. प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या मध्यभागी मोकळी जागा द्यायची नाही. चेंडू मिळताच वेळ न दवडता प्रतिआक्रमण करायचे. कॉर्नर आणि फ्री किकचे सोने करायचे. हा खेळ प्रेक्षणीय नसल्याची टीका त्यांच्यावर झाली. परंतु सात हंगामांत एकदाही त्यांचा संघ खालच्या श्रेणीत गेला नाही.

पुणेकर प्रेक्षकांना हा कालखंड जवळून पाहायला मिळाला. कूपरेजच्या नूतनीकरणामुळे २०१२-१३ च्या हंगामात मुंबई एफसीचे घरचे सामने बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत झाले. एअर इंडियानेही तेच मैदान वापरले, आणि पुणे एफसीचे ते स्वतःचेच घर होते. एकाच वेळी तीन आय-लीग संघांचे यजमानपद भूषवणारे बालेवाडी तेव्हा महाराष्ट्राच्या फुटबॉलचे केंद्र बनले होते. योगायोगाचा भाग असा, की पुणे एफसीच्या प्रशिक्षकपदी त्या वेळी डेरिक परेरा होते. ज्यांच्या हाताखाली जमील राष्ट्रीय विजेते ठरले, तेच आता समोरच्या बाकावर होते. परेरा यांच्या पुणे एफसीने त्या हंगामात आय-लीगचे उपविजेतेपद मिळवले. आय-लीगमधील पुण्याच्या कोणत्याही संघाची ही सर्वोत्तम कामगिरी.

तो हंगाम म्हणजे दिवा विझण्यापूर्वीचा उजेड होता, हे मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

ऐझॉलचा चमत्कार

२०१६ मध्ये मुंबई एफसीने जमील यांच्याशी फारकत घेतली. सात वर्षे एकाच क्लबात काढलेल्या या प्रशिक्षकाला महाराष्ट्रात दुसरी जागा मिळाली नाही. त्यांना बोलावणे आले ते थेट मिझोरामहून. ऐझॉल एफसीची त्या वेळची अवस्था विलक्षण होती. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ संघांत हा संघ आठवा आला होता. त्याच्याही खाली पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स होता. पण कंपनीच्या गुंतवणुकीच्या बळावर थेट प्रवेश मिळालेला नवा संघ म्हणून शिवाजीयन्सला घसरणीपासून संरक्षण होते. त्यामुळे शेवटून दुसरा येऊनही खालच्या श्रेणीत जाण्याची पाळी ऐझॉलवर आली. पुढे गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतल्याने रिकाम्या झालेल्या जागेवर ऐझॉलला परत घेण्यात आले.

अशा संघाकडून विजेतेपदाची अपेक्षा कोण करणार? जमील यांनी आपल्याबरोबर मुंबई एफसीत घडलेले खेळाडू नेले. त्यांत बचावपटू आशुतोष मेहता आणि मुंबईचा मध्यरक्षक जयेश राणे यांचा समावेश होता. गोलरक्षणाची जबाबदारी गोव्याच्या अल्बिनो गोम्सकडे होती. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान आले. उर्वरित संघ प्रामुख्याने स्थानिक मिझो तरुणांचा होता. मुंबईत निव्वळ टिकून राहण्यासाठी वापरलेली पद्धत इथे डोंगरावरील मैदानात, भरलेल्या प्रेक्षागृहांपुढे, जिंकण्यासाठी वापरली गेली.

हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात स्पर्धा ऐझॉल आणि मोहन बागान यांच्यातच उरली. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलमध्ये दोघांची गाठ पडली. झोहमिंगलियाना राल्टेच्या एकमेव गोलने यजमानांनी बागानला नमवले. ३० एप्रिल रोजी शेवटच्या लढतीत शिलाँग लाजाँगविरुद्ध ऐझॉलला एक गुण पुरेसा होता. सुरुवातीला पिछाडीवर पडूनही संघाने १-१ अशी बरोबरी साधली. अठरा सामन्यांत ११ विजय, ४ बरोबरी आणि ३ पराभव अशी ऐझॉलची कामगिरी राहिली. ऐझॉलचे ३७ गुण, तर मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये लिस्टर सिटीने असाच पराक्रम केला होता. त्यामुळे 'भारताचे लिस्टर' असे बिरुद ऐझॉलला मिळाले.

त्याच गुणतक्त्याच्या तळाशी मुंबई एफसी होती. जमील यांच्याविना खेळलेल्या पहिल्याच हंगामात हा क्लब शेवटचा आला, खालच्या श्रेणीत घसरला आणि त्यानंतर बंदच झाला. एकाच तक्त्याच्या दोन टोकांवर ही दोन नावे पाहून, महाराष्ट्राने काय गमावले, याचा हिशेब आपोआप लागत होता.

कोलकाता, गुवाहाटी, जमशेदपूर

ऐझॉलच्या यशानंतर ईस्ट बंगालने २०१७-१८ च्या हंगामासाठी जमील यांना पाचारण केले. खेळाडू म्हणून ज्या शहराकडे त्यांनी पाठ फिरवली होती, तिथे ते प्रशिक्षक म्हणून गेले. लाखो पाठीराख्यांचा क्लब, रोजची वृत्तपत्रीय चिकित्सा आणि तत्काळ विजेतेपदाची अपेक्षा हे वातावरण मोजके बोलणाऱ्या जमील यांना मानवणारे नव्हते. ईस्ट बंगाल लीगमध्ये चौथा आला आणि सुपर कपच्या अंतिम फेरीत बंगळूर एफसीकडून हरला. जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागाननेही त्यांना हंगामाच्या मध्यावर बोलावले. तिथेही संघ पाचव्या स्थानापुढे सरकला नाही.

त्यानंतर त्यांनी एक पायरी खाली उतरणे स्वीकारले. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला हा प्रशिक्षक २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगमधील नॉर्थईस्ट युनायटेडकडे सहायक म्हणून रुजू झाला. सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकपद जवळपास परदेशी व्यक्तींसाठीच राखीव असल्यासारखी तेव्हाची स्थिती होती. जानेवारी २०२१ मध्ये स्पेनचे जेरार्ड नूस यांना दूर करण्यात आले आणि हंगामी जबाबदारी जमील यांच्यावर आली. करोनाच्या साथीमुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना खेळवला गेला. जमील यांनी सूत्रे घेतल्यानंतर उरलेल्या नऊ साखळी सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. सहा विजय आणि तीन बरोबरींच्या बळावर त्याने तिसऱ्या स्थानासह उपांत्य फेरी गाठली. सुपर लीगच्या बाद फेरीत संघ नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना कायम करण्यात आले. या लीगमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक नेमले जाणारेही ते पहिलेच भारतीय. पुढचा हंगाम मात्र निराशाजनक गेला आणि संघ दहाव्या स्थानावर फेकला गेला.

डिसेंबर २०२३ मध्ये जमशेदपूर एफसीने स्कॉट कूपर यांच्या जागी जमील यांना आणले. तिथे त्यांना पूर्ण हंगामाची तयारी करण्याची संधी मिळाली. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर ३८ गुणांसह पाचवा आला. बाद फेरीत शिलाँगला नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांच्या नव्या संघाने २-० असे हरवले. उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत मोहन बागानवर २-१ अशी मातही केली. पण परतीच्या सामन्यात ०-२ अशी हार पत्करल्याने ३-२ अशा एकत्रित गुणसंख्येवर बागान पुढे गेला. त्याच वर्षी सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० ने पराभूत केले. २०२३-२४ आणि २०२४-२५ असा सलग दोन वेळा महासंघाचा सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार जमील यांच्याकडे आला.

राष्ट्रीय संघाचा काटेरी मुकुट

जमील यांनी राष्ट्रीय संघाची सूत्रे घेतली, तेव्हा भारत जागतिक क्रमवारीत १३३ व्या स्थानावर घसरला होता. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत संघ अडचणीत होता. त्यातच जुलै २०२५ मध्ये सुपर लीगचा पुढील हंगाम करारविषयक तिढ्यामुळे स्थगित ठेवण्यात आला होता. खेळाडूंकडे सामनेच नव्हते, अशा स्थितीत त्यांना संघ बांधायचा होता.

प्रारंभ आशादायक झाला. ताजिकिस्तानात झालेल्या मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स चषक स्पर्धेत २९ ऑगस्ट रोजी भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले. इराणकडून ०-३ असा पराभव झाला आणि अफगाणिस्तानविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली. ८ सप्टेंबर रोजी तिसऱ्या स्थानाच्या लढतीत ओमानशी १-१ अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टी शूटआऊटमध्ये भारताने ३-२ अशी बाजी मारली. क्रमवारीत बऱ्याच वरच्या असलेल्या संघाविरुद्धचे हे यश जमील यांच्या परिचित पद्धतीचेच फळ होते.

ऑक्टोबरमध्ये चित्र पालटले. सिंगापूरमध्ये भारताने १-१ अशी बरोबरी वाचवली. १४ ऑक्टोबर रोजी फातोर्ड्यात मात्र घरच्या प्रेक्षकांसमोर सिंगापूरकडूनच १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. १८ नोव्हेंबर रोजी ढाक्यात बांगलादेशनेही भारताला १-० ने नमवले. बांगलादेशने भारताला हरवण्याची ही २००३ नंतरची पहिलीच वेळ होती. प्रतिस्पर्ध्याला रोखण्यात तरबेज असलेल्या प्रशिक्षकाला गोल करणारे पाय मात्र क्लबांकडूनच मिळावे लागतात. भारतीय क्लबांनी आघाडीच्या जागा वर्षानुवर्षे परदेशी खेळाडूंना दिल्या. त्याची किंमत राष्ट्रीय संघ मोजत आहे. याचा सारा दोष ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या प्रशिक्षकावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. त्याचबरोबर, आघाडीचा प्रश्न सोडवल्याशिवाय निव्वळ भक्कम बचावावर आंतरराष्ट्रीय यश टिकत नाही, हेही या निकालांनी स्पष्ट केले.

क्लब का टिकले नाहीत?

जमील यांचा प्रवास पाहिल्यावर एक प्रश्न उरतोच. ज्या राज्याने असा प्रशिक्षक घडवला, त्या राज्याचे क्लब का टिकले नाहीत?

महिंद्र युनायटेडचा संघ २००९-१० च्या हंगामानंतर बंद करण्यात आला. शालेय व युवा फुटबॉलवर लक्ष केंद्रित करायचे असल्याचे कारण कंपनीने दिले. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईचे दोन्ही संघ २०१३ मध्ये आशियाई संघटनेच्या क्लब परवान्याचे निकष पूर्ण न केल्याने आय-लीगबाहेर गेले. स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व, युवा संघ आणि हिशेबाची व्यवस्था या अटी कार्यालयीन संघांच्या रचनेत बसणाऱ्या नव्हत्या. पुण्यात पुणे एफसीने २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये बंद पडला. सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ पासून पाच हंगाम खेळून २०१९ मध्ये संपला. त्याची जागा हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये हैदराबादचा तो संघही दिल्लीला हलला.

या साऱ्या संघांत एक साम्य आहे. त्यांचा मालक एक कंपनी किंवा एक उद्योगसमूह होता. जोवर मालकाची इच्छा आणि ताळेबंद अनुकूल होता, तोवर संघ चालला. ज्या दिवशी संचालक मंडळाचे मत बदलले, त्या दिवशी त्याला थोपवणारे कोणी नव्हते. मोहन बागान १८८९ पासून आणि ईस्ट बंगाल १९२० पासून अनेक आर्थिक वादळांतून तगले, कारण त्यांच्यामागे सभासद आणि पाठीराखे आहेत. मालक आले-गेले, क्लब राहिले. उदाहरणासाठी एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांच्या आणि तालमींच्या जिवावर आजही शाहू स्टेडियम दणाणून सोडतात. त्यांच्याकडे मोठे भांडवल नाही आणि राष्ट्रीय लीगमध्ये जागाही नाही. पण उद्या त्यांना बंद करायचे कोणी ठरवले, तर अख्खी पेठ रस्त्यावर उतरेल. पुण्यातील आणि मुंबईतील संघ बंद झाले, तेव्हा असे कोणी रस्त्यावर उतरले नाही.

भांडवल एकीकडे आणि माणसे दुसरीकडे, ही महाराष्ट्राच्या फुटबॉलची खरी अडचण आहे. मुंबई सिटीने २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये सुपर लीगचे करंडक जिंकले, ही अभिमानाची बाब आहे. परंतु एका क्लबाच्या बळावर राज्याचे फुटबॉल उभे राहत नाही. २०१२-१३ मध्ये बालेवाडीत तीन संघ खेळत, तेव्हा राज्यातील होतकरू मध्यरक्षकाला निवडीच्या तीन जागा होत्या. जयेश राणेसारख्या खेळाडूला मुंबई एफसीत संधी मिळाली, म्हणून पुढे त्याला चेन्नई, ऐझॉल आणि कोलकात्याची दारे उघडली. अशी पहिली पायरीच नाहीशी झाली, तर पुढच्या पायऱ्यांचा विचारच उद्भवत नाही.

जमील यांनी बंद पडलेल्या क्लबांत जे कमावले, ते देशभर वापरून दाखवले. कमी साधनांत संघ बांधण्याची कला, शिस्त आणि मधल्या फळीतून सामना वाचण्याची दृष्टी ही त्यांना महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसीने दिलेली शिदोरी आहे. हे क्लब उरले नाहीत, तरी त्यांनी घडवलेला माणूस राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचला. त्याच्यानंतरचा खालिद जमील महाराष्ट्रात कुठे घडणार, याचे उत्तर मात्र राज्याच्या फुटबॉल कारभाऱ्यांनाच द्यावे लागेल.

दृष्टिक्षेपात कारकीर्द

जन्म : २१ एप्रिल १९७७, कुवेत
जागा : मध्यरक्षक
खेळाडू : महिंद्र (१९९७-९८), एअर इंडिया (१९९८-२००२), महिंद्र युनायटेड (२००२-०७), मुंबई एफसी (२००७-०९)
आंतरराष्ट्रीय पदार्पण : १९९८, उझबेकिस्तानविरुद्ध
खेळाडू म्हणून प्रमुख यश : राष्ट्रीय फुटबॉल लीग विजेतेपद, २००५-०६
प्रशिक्षक : मुंबई एफसी (२००९-१६), ऐझॉल एफसी (२०१६-१७), ईस्ट बंगाल (२०१७-१८), मोहन बागान (२०१९), नॉर्थईस्ट युनायटेड (२०१९ पासून सहायक, २०२१-२२ मध्ये मुख्य), जमशेदपूर एफसी (२०२३-२५)
प्रशिक्षक म्हणून प्रमुख यश : आय-लीग विजेतेपद, २०१६-१७
भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती : १ ऑगस्ट २०२५